सोळापट : पहाटेच्या गायकांच्या प्रकल्प नोंदी

२३ फेब्रुवारी २०२५

निधी देणाऱ्यांना सगळा प्रकल्प एका पानात हवा होता. दिला. इथे जरा सविस्तर लिहिते, पुढे मलाच लागेल.

मूळ कल्पना माझी नाही. मार्कस कोट्स या ब्रिटिश कलाकाराने २००७ साली ‘डॉन कोरस’ नावाचं काम केलं. जेफ सॅम्पल या ध्वनिमुद्रकाला सोबत घेऊन पहाटेच्या पक्ष्यांची गाणी टिपली, ती कितीतरी पट संथ केली आणि ब्रिस्टलमधल्या हौशी गायकांना ती तशीच, त्याच संथ गतीत म्हणायला लावली. चित्रीकरण ज्याच्या-त्याच्या नेहमीच्या जागी: कुणी टॅक्सीत, कुणी न्हाणीघरात, कुणी बिछान्यात. मग ते चित्रीकरण तितक्याच पटीने पळवलं. आवाज परत पक्ष्याचा झाला आणि त्याबरोबर माणसाची छाती, मान, पापण्याही पक्ष्याच्या लयीत हलायला लागल्या. एकोणीस माणसं, एकोणीस पडदे.

माणूस आणि जनावर यांच्यातल्या रेषेवर गेल्या साठ वर्षांत ढीगभर काम झालंय. त्यात मुखवटे, कातडी, शिंगं, भुसा भरलेली धडं भरपूर. इथे अंगावर काहीही चढवलेलं नाही, बदललाय तो फक्त काळ. म्हणूनच हे पुण्यात करून पाहायचंय: टेकडीवरचे पक्षी आणि आमच्या भागातल्या भजनी मंडळाचे गळे. पद्धत कोट्सची आहे हे प्रवेशाच्या पाटीवरच लिहायचं, आत कुठेतरी बारीक अक्षरात नाही.

२ मार्च

वेताळ टेकडी, उजाडायच्या आधी. ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) ठेवलंय. नंतर सोळापट संथ करायचं म्हटल्यावर नेहमीच्या ४८ वर सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं येतं.

पहिला दयाळ पक्षी बोलला तेव्हा अजून टॉर्च लागत होता. निष्पर्ण झाडाच्या अगदी शेंड्यावर बसून गातो, त्यामुळे मायक्रोफोनची तबकडी त्याच्यावर रोखणं सोपं. मग शिंपी, बुलबुल आणि मधूनच मोर. मोराने दयाळाची दोन चांगली वाक्यं खाल्ली. उजाडता उजाडता फिरायला येणारी मंडळी खिशात भक्तिगीतं वाजवत हजर. त्यांना काय सांगणार, टेकडी त्यांचीही आहे.

ध्वनिवाल्या मित्राने सुचवलं की मोबाइलवर दयाळाचाच आवाज लावू, चिडून जवळ येईल आणि जोरात गाईल. येईलच. विणीच्या हंगामात नर हद्द राखत असतो, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं त्याला वाटणार आणि पिल्लांची कामं सोडून तो आमच्या फोनशी भांडत बसणार. नको म्हटलं. या प्रकल्पात तोशीस पडायची ती माणसालाच पडावी.

९ मार्च

आज घरी बसून सगळं संथ करून ऐकलं. कागदावर मांडलेलं होतंच: दयाळाचं गाणं साधारण दोन ते साडेचार हजार हर्ट्झमध्ये फिरतं. सोळाने भागलं की सव्वाशे ते २८०, म्हणजे नेमका माणसाचा गळा. चार सप्तकं खाली. सेकंदभराची तान सोळा सेकंदांची होते.

कागदावर नव्हतं ते असं. पहिलं, टेकडीखालची ट्रकची घरघर गायब झाली. ती शंभर हर्ट्झची, सोळाने भागल्यावर सहा, माणसाचा कान विसाच्या खाली काही ऐकत नाही. शहर आपोआप गाळलं गेलं. दुसरं, जो आवाज आपण ‘चिवचिव’ म्हणून सोडून देतो त्याच्या आत लांबच लांब मींड आहेत, गिरकी घेऊन खाली येणारी, मध्येच थांबून परत वर जाणारी. तिसरं, काही ठिकाणी एकाच वेळी दोन सूर आहेत. पक्ष्यांचं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या फाट्याशी असतं आणि त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालू शकतात. आपल्याला एकच गळा. त्या जागी गायकाने वरचा सूर धरायचा आणि खालचा सोडून द्यायचा, असं ठरवलं.

१६ मार्च

भजनी मंडळाची बैठक. मी सगळं समजावून सांगितलं, दयाळ ऐकवला, आधी मूळ आणि मग संथ. संथ ऐकताना मागून कुणीतरी म्हणालं, “देवमासाच वाटतोय.” हार्मोनियमवाल्यांनी सवयीने स्वर शोधायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत हात टेकले. तो कुठल्याच पट्टीत बसत नाही.

बुवांची शंका वेगळीच होती. “ताई, आमच्या लहानपणी पहाटे पिंगळा यायचा. कुडमुडं वाजवत. झाडावरचा पिंगळा, ते छोटं घुबड, काय बोलला ते त्याला कळतं म्हणायचे, अन् तो ते घरातल्या बाईमाणसांना सांगायचा. पाऊस कसा, पोरीचं लग्न कधी. तो पक्ष्याचं माणसाला सांगायचा. तुम्ही माणसाकडून पक्ष्याचं म्हणवून घेणार. पण अर्थ? अर्थ कोण सांगणार?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बैठकीत मांडायला लांबलचक. कोट्सनेही एकदा पिंगळ्याचं काम केलंय. २००४ साली, लिव्हरपूलमधल्या एका उंच इमारतीत. ती पाडायची ठरली होती, रहिवासी हवालदिल. हा त्यांच्याच एका दिवाणखान्यात सांबराच्या कुळातल्या तांबड्या हरणाचं शिंगांसकट कातडं पांघरून उभा राहिला, पक्ष्यांचे आणि जनावरांचे आवाज काढत पाताळात जाऊन आल्यासारखं केलं आणि परत येऊन त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. चित्रफितीत म्हाताऱ्या बायका हसू दाबतात, आणि तरीही उत्तर लक्ष देऊन ऐकतात. मला ते काम आवडतं ते त्या बायकांमुळे. पण त्यात कोट्स मधला माणूस आहे, अर्थाची किल्ली त्याच्याच हातात. २००७ च्या कामात त्याने ती किल्ली टाकून दिली.

बुवांना एवढंच म्हणाले, “अर्थ कुणीच सांगायचा नाही, बुवा.” ते म्हणाले, “मग मला पिंगळा द्या.” यादीत पिंगळा नव्हता. आता आहे.

३० मार्च

पाडवा, काम बंद. तरी कॅटलॉगच्या लेखासाठी बॉइसवर दोन परिच्छेद झाले.

जोसेफ बॉइस या जर्मन कलाकाराचं मे १९७४ मधलं काम सगळे सांगतात: न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरला, फेल्टमध्ये, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्यात, गुंडाळून घेतलं, रुग्णवाहिकेतून थेट रेने ब्लॉकच्या गॅलरीत, तिथे काही दिवस एका कायोटीच्या सहवासात, आणि आला तसाच परत. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी भाऊबंद. लेखांमध्ये बॉइसची काठी, त्याचं फेल्ट, त्याचा अमेरिकेशी समेट यांवर पानंच्या पानं असतात. छायाचित्रांत मला कायोटीच जास्त दिसतो. फेल्ट दातांनी ओढतो. रोज आणून टाकलेल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या गठ्ठ्यांवर मुततो. पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत बसतो. त्याला त्या खोलीत कुणी आणलं हे विसरून चालणार नाही, पण खोलीत आल्यावर त्याला कंटाळायची मुभा होती आणि त्याने ती वापरली. त्याआधी १९६५ मध्ये ड्युसेलडॉर्फला बॉइसने मेलेल्या सशाला मांडीवर घेऊन चित्रं समजावली होती, चेहऱ्याला मध आणि सोन्याचा वर्ख लावून. सशाची अर्थात काहीच हरकत नव्हती. मला वाटतं, म्हणूनच ते काम जास्त देखणं आहे आणि कमी खरं.

६ एप्रिल

पहिलं चित्रीकरण, रिक्षावाले काका, दयाळ. रिक्षा झाडाखाली लावलेली, इंजिन बंद, कानात इयरफोन, समोर कॅमेरा. दोन मिनिटांच्या पडद्यासाठी जवळजवळ अर्धा तास सलग गायचं. काकांना काकड्याची सवय आहे, बसण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न तोंडाचा होता. ते भजनासारखं मोकळं ‘आ’ लावत होते. पळवून पाहिलं तर दयाळाऐवजी पिपाणी. ‘आ’मध्ये वरचे उपस्वर दणकट असतात, सोळापट झाले की ते कर्कश होतात. ‘ऊ’ लावायला सांगितलं, ओठ जवळ आणून, शिट्टी वाजवताना करतो तसे. पिपाणी गेली, शीळ आली.

मधेच एक प्रवासी आला, “येणार का?” काकांनी गाणं न थांबवता मान हलवली. पळवलेल्या चित्रात तो माणूस अर्धा सेकंद उगवतो आणि नाहीसा होतो. ठेवलाय.

१३ एप्रिल

घरातल्या चित्रीकरणांसाठी नियम: पंखा बंद. वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण सोळापट झाली की ८०० ची किरकिर होते आणि ती थेट गाण्यावर बसते. एप्रिलात पुण्यात पंखा बंद करून अर्धा तास गा असं सांगायला जीभ रेटत नाही, पण इलाज नाही. गंमत म्हणजे शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा काहीच त्रास नाही. ती इतकी वर जाते की फक्त वटवाघळांना ऐकू येईल.

मावशींचा बुलबुल (दहापट) ओट्यापाशी झाला. गाताना भाजी निवडायची मोकळीक दिली होती. पळवल्यावर मेथीची जुडी डोळ्यांदेखत झडते. छान आहे, पण लक्ष खाते. मावशींना विचारून हात चौकटीबाहेर ठेवून पुन्हा करणार.

२० एप्रिल

आज पटीचा निकाल लागला, आणि मला वाटतं प्रकल्पाचा गाभा इथे आहे.

कोकीळ सगळ्यांना हवा होता. मंडळातल्या निम्म्या लोकांनी आधी तोच मागितला. पण कोकीळ हजार हर्ट्झच्या आसपास ओरडतो. गळ्यात बसवायला चारपट संथ पुरे, सोळापट केला तर साठाच्या घरात जातो, तिथे खर्जातला माणूसही नुसता गुरगुरेल. म्हणून चारपट. आणि चारपट पळवलेला माणूस पक्षी होत नाही, तो जुन्या मूकपटातला विनोदी नट होतो. आवाज अचूक, चित्र हास्यास्पद. आठपटीलाही हसू येतं. दहाला कमी होतं. बारापाशी काहीतरी बदलतं: पापणी मिटलेली दिसत नाही, नुसती लुकलुकते, श्वास मिनिटाला पंधराचे १८० होतात आणि छाती वरखाली होण्याऐवजी थरथरते, मान वळत नाही, इथून तिथे उडी मारते. सोळाला समोर माणसाच्या आकाराचा पक्षी बसलेला असतो.

तेव्हा कोकीळ रद्द. तांबट पक्षीही रद्द, तो त्याहून खालच्या सुरातला. पखवाजवाल्यांनी तांबटाचे ठोके ओट्यावर इतके हुबेहूब वाजवून दाखवले की वाईट वाटलं, पण त्यात माणूस माणूसच राहतो.

मावशींचा बुलबुल दहावर अडकलाय. हसू येतं आणि येतही नाही. तो तसाच, सगळ्यांच्या मध्यभागी लावावा असं आत्ता वाटतंय.

२७ एप्रिल

निधी देणाऱ्यांचा फोन. उद्घाटनाला ‘थोडा जिवंतपणा’ म्हणून प्रवेशाशी पिंजऱ्यात खरे पक्षी ठेवता येतील का. देशी रानपक्षी पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे एवढं सांगितल्यावर विषय मिटला, पण तेवढंच कारण सांगितल्याचं समाधान नाही. विदेशी पक्ष्यांना परवानगी असली तरी मी ठेवले नसते.

२००० साली डेन्मार्कमधल्या ट्राफोल्ट संग्रहालयात मार्को एव्हारिस्टी या कलाकाराने दहा मिक्सरमध्ये पाणी भरून त्यात सोनमासे सोडले. बटण चालू होतं, दाबायचं की नाही हे प्रेक्षकाने ठरवायचं. कुणीतरी दाबलं. संग्रहालयाच्या संचालकांवर खटला झाला, २००३ मध्ये ते सुटले. एव्हारिस्टीच्या बाजूने जे बोलतात ते म्हणतात की हे काम माणसाच्या क्रौर्याबद्दल आहे. असेल. पण माणसाचं क्रौर्य माशाच्या जिवावर सिद्ध करायचं, तर ते आधीच सिद्ध झालेलं असतं, बटणाची गरज काय? २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने चिनी कलेच्या मोठ्या प्रदर्शनातून जिवंत प्राण्यांशी संबंधित तीन कामं विरोधामुळे काढली. तेव्हा माझे बरेच मित्र कलास्वातंत्र्याच्या बाजूने होते, मी काठावर होते. धमक्यांपुढे संग्रहालयाने झुकावं हे वाईटच. पण त्या तिन्हींपैकी हुआंग योंग पिंगच्या कामातले सरडे आणि किडे एकमेकांना खायला एका पेटीत ठेवलेले होते, आणि कुठल्या स्वातंत्र्याबद्दल बोलायचं ते तिथे आधी ठरवावं लागतं.

४ मे

ध्वनिवाला मित्र आज बोललाच: “शेवटी हे फास्ट-फॉरवर्ड आहे. माणूस कुठे बदलला?”

मग मी त्याला मारियों लाव्हाल-जांते सांगितली. ‘आर्त ओरियांते ऑब्जे’ या फ्रेंच जोडीतली ती. २०११ साली लुब्लियानाच्या कापेलिका गॅलरीत तिने घोड्याच्या रक्तातला द्राव स्वतःच्या शरीरात टोचून घेतला. आधी कित्येक महिने घोड्याच्या प्रतिपिंडांचे थोडे थोडे डोस घेत शरीराला तयार केलं, नाहीतर जीव गेला असता. टोचून घेतल्यावर खुरांच्या उंच पायांवर चढून घोड्याबरोबर चालली. नंतर कित्येक दिवस झोप धड नव्हती, बारीकशा आवाजाने दचकत होती, असं तिने सांगितलंय. त्या वर्षी आर्स इलेक्ट्रॉनिका या ऑस्ट्रियातल्या कला-तंत्रज्ञान महोत्सवाचा मोठा पुरस्कार त्या जोडीला मिळाला. तिथे बदल शरीरात आहे, आणि धोका सगळा तिने पत्करलेला.

मित्र म्हणाला, “मग तेच खरं. आपलं नाटक.” मला तसं वाटत नाही. रिक्षावाल्या काकांना विचारलं होतं, अर्धा तास गाताना काय होतं. म्हणाले, “पहिली दहा मिनिटं मी गातो. मग श्वास तो सांगेल तिथेच घ्यावा लागतो.” दयाळाच्या दोन तानांमधली फट संथ करूनही इतकी तोकडी असते की माणसाचा श्वास तिच्या मापाने कापावा लागतो. हे पळवण्याआधी घडतं, आणि पडद्यावर दिसत नाही.

११ मे

शाळेचा रिकामा वर्ग, सुट्टी, बाई, पावशा (बारापट). बाईंना लहानपणापासून पावशा ‘पेरते व्हा’च म्हणतो, त्यामुळे त्या संथ गाण्यातही ते शब्द शोधत होत्या. तिथे ते नाहीत. तिथे फक्त तीन लांब घसरगुंड्या आहेत, पुन्हा पुन्हा, दर खेपेला थोड्या वर. शेवटी पट्टी इतकी चढते की पावशाही सोडून देतो आणि परत खालून सुरू करतो. बाईंनीही तिथेच सोडलं. पळवून ऐकलं तर वर्गात उभ्या असलेल्या सगळ्यांना स्पष्ट ‘पेरते व्हा’ ऐकू आलं, बाईंनाही. एकही अक्षर म्हटलेलं नव्हतं.

२६ मे

पाऊस मे महिन्यातच आला. पत्र्यावरचा पाऊस बारापट झाला की त्याची वाळू होते, सगळ्या आवाजावर पसरते. उरलेलं घरातलं काम पालख्या पुण्यात यायच्या आत, म्हणजे २० जूनच्या आधी, संपवायला हवं. त्यानंतर मंडळातलं कुणी सापडणार नाही.

८ जून

बुवांचा पिंगळा झाला. देवळाच्या ओसरीवर, रात्रीचे नऊ. ‘ऊ’चा नियम इथे उलटा पडला. पिंगळ्याचं ओरडणं खरखरीत, त्याला शीळ चालत नाही. बुवांनी घशातून, खर्जात, जवळजवळ भांडल्यासारखं ‘आ’ लावलं आणि पहिल्याच खेपेला जमलं. वर म्हणाले, “हे आम्हाला आधी सांगितलं असतं तर रियाजच केला नसता.”

१३ जुलै

मांडणीची चाचणी. गायक मंडळी आणि काही पक्षीनिरीक्षक आले होते. निरीक्षकांनी दयाळ आणि शिंपी मान्य केले, बुलबुल नाही. पावशाबद्दल एकाने विचारलं की हा खरा घातलाय का.

बुवा स्वतःच्या पडद्यासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “मी एवढा घाबरलेला का दिसतो?” खरंच दिसतात. सगळेच दिसतात: भराभर श्वास, भिरभिरते डोळे. चिमणी अशीच दिसते तेव्हा आपण तिला चपळ म्हणतो, भेदरलेली म्हणत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर तेच आलं की लगेच भीती वाचतो. यावर मी काही करणार नाही, पट कमी करून ते जाणार नाही आणि मला ते घालवायचंही नाही.

वाद उरला तो संथ गाण्याचा. मित्राला शेजारच्या खोलीत मूळ, न पळवलेलं चित्रीकरण लावायचंय. मला ती ‘कसं केलं’ची खोली वाटते, लोक तिथे जाऊन सुटकेचा श्वास टाकतील. बुवांनी तिसरंच काढलं: पडदा नको, एका रविवारी सगळे येऊन बसतो आणि संथच म्हणतो, अर्धा तास, लोकांसमोर. मित्र तयार, मीही. पाट्यांवर आधी माणसाचं काम आणि ठिकाण, मग पक्षी, मग पट. तारीख श्रावणाआधीची हवी, कारण त्यानंतर मंडळाचे सप्ताह सुरू होतात. उद्या सभागृहाला विचारायचं, आणि इयरफोन किती कमी पडतात ते मोजायचं.